देठ कुठला ठेवायचा? स्तन लहान करण्याच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या. वय ४४, गाव कराडच्या बाजूचं, घरची पिठाची गिरणी. मोटर आणि हिशेब नवऱ्याकडे; डबे उचलणं, दळण ओतणं, पीठ भरून ठेवणं त्यांच्याकडे. हातात त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी होती. छातीखालचं कातडं दर पावसाळ्यात ओलं राहतं, सोलवटतं, बुरशी धरतं. मलम लावलं की महिनाभर बरं आणि मग पुन्हा तेच. सलग तिसऱ्या वर्षी हे झाल्यावर त्या डॉक्टरांनी मलमाऐवजी माझ्याकडे चिठ्ठी लिहून दिली.

मानेचं दुखणं त्यांनी नंतर सांगितलं. करंगळीला मुंग्या येतात हे त्याच्याही नंतर, उठता उठता. मानेचे चार एक्स-रे, दोन पट्टे, गोळ्यांनी झालेली पित्ताची तक्रार, असं सगळं पिशवीत होतं. मी विचारलं, "ताई, एवढ्या वर्षांत कुणी छाती तपासली नाही?"

"धा वर्सं मान दाखवत फिरतीय मॅडम. छातीकडं कुणी बगितलंच न्हाई. आन् आपण तरी कसं सांगावं?"

हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याचं कारण त्यांच्या शस्त्रक्रियेआधी मी दोनदा घेतलेला निर्णय. पहिला मी सवयीने घेतला होता, दुसरा त्यांच्याकडे नीट बघून.

उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, म्हणजे बीएमआय ३२. मधुमेह चार वर्षांपासून, गोळ्यांवर. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.६. दोन बाळंतपणं, दोन्ही मुलांना अंगावर पाजलेलं, धाकटा आता बारावीत. घरात स्तनाचा कर्करोग कुणालाही नाही. वय चाळिशीपुढचं असल्यामुळे मॅमोग्राफी करून घेतली. त्यात काही आढळलं नाही. दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या खोल, काळपट खाचा. त्यांच्या मापाची ब्रा तालुक्याच्या दुकानात मिळत नाही म्हणून त्या जाड सुती अस्तराचा घट्ट ब्लाउज शिवून घ्यायच्या आणि गिरणीत काम करताना वरून ओढणी आवळून बांधायच्या.

मापं त्यांना उभं करून घेतली. गळ्याखालच्या खोबणीपासून स्तनाग्रापर्यंत उजवीकडे ३७ सेंटिमीटर, डावीकडे ३५.५. न ओघळलेल्या स्तनात हे अंतर साधारण १९ ते २२ असतं. स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत उजवीकडे १८, डावीकडे १७. या दुसऱ्या मापाकडे आपण कमी लक्ष देतो, पण या प्रकरणाचा निकाल त्यानेच लागला.

"आधी वजन कमी करा," हा सल्ला त्यांना प्रत्येक दवाखान्यात मिळाला होता. वजन कमी झालेलं शस्त्रक्रियेच्या दृष्टीने चांगलंच, भूल सोपी जाते, जखमा लवकर भरतात. पण त्याने मानेचं दुखणं जाईल असं सांगणं बरोबर नाही. २००२ मध्ये अमेरिकेत 'ब्राव्हो' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या स्तनांचा त्रास असलेल्या स्त्रियांना वजन घटवणं, व्यायाम, खास ब्रा, गोळ्या यांनी टिकाऊ आराम मिळाला नव्हता. शस्त्रक्रियेने मिळाला होता. बाईला वजनाचं कारण देऊन परत पाठवलं की ती पुन्हा येत नाही, हा माझा अनुभव आहे. ती गोळ्या खात राहते.

या शस्त्रक्रियेबद्दल बोलताना एक घोळ नेहमी होतो, डॉक्टरांचाही होतो. इथे निर्णय दोन असतात. एक, कातडी कुठल्या आकारात कापायची, म्हणजे व्रण कुठे येणार. दोन, स्तनाग्र वर सरकवताना त्याला रक्त देणारा मांसाचा कुठला भाग जोडलेला ठेवायचा. या भागाला मी देठ म्हणते. भाजीवालीने वांग्याचा देठ राखावा तसा तो राखायचा असतो. तो सुकला की वरचं सगळं गेलं. पेशंट व्रणाबद्दल विचारते, कारण तो दिसतो. देठाबद्दल कुणी विचारत नाही, आणि स्तनाग्र जगणार की नाही ते ठरतं देठावर.

शंभर वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरला आहे. १९२२ मध्ये शिकागोत थोरेक यांनी देठाचा प्रश्नच बाजूला ठेवला: स्तनाग्र पूर्ण सुटं काढायचं, जादा भाग कापायचा आणि कातड्याच्या कलमासारखं ते नव्या जागी लावायचं. १९३० मध्ये श्वार्झमान यांनी दाखवलं की स्तनाग्राभोवतीचा कातडीचा आतला थर जपला तर रक्तपुरवठा टिकतो. १९५६ मध्ये वाइज यांनी ब्राच्या कापणीवरून कातडीचा नकाशा तयार केला. त्यातून उलट्या टी अक्षरासारखा व्रण येतो आणि तो नकाशा आजही जगभर वापरात आहे. मग देठांची रांग लागली. स्वीडनमध्ये स्ट्रॉम्बेक यांचा आडवा दुहेरी देठ, मॅकिसॉक यांचा उभा दुहेरी, १९७५ च्या सुमारास ब्राझीलच्या रिबेरो यांच्यापासून पुढे आलेला खालचा देठ, त्याच काळात वरचा-आतला देठ. पुढे लासू आणि लेजूर यांनी आडवा व्रण टाळून फक्त उभा व्रण ठेवण्याची पद्धत रुजवली आणि १९९९ मध्ये कॅनडाच्या हॉल-फिंडले यांनी ती आतल्या देठाशी जोडून सोपी केली.

मी शिकले खालच्या देठावर. आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं तसंच आहे. पद्धत भरवशाची, दशकानुदशकं तपासलेली आणि शिकवायला सोपी. छातीच्या खालच्या घडीपासून आठ-दहा सेंटिमीटर रुंदीचा मांसाचा पट्टा स्तनाग्रापर्यंत ठेवायचा, बाजूचं आणि वरचं काढायचं. त्याला रक्त येतं ते मुख्यतः पाचव्या बरगडीच्या जरा वरून, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीतून खोलवरून वर येणाऱ्या धमन्यांमधून. जूनमध्ये ताईंच्या कागदावर मी हेच लिहिलं: वाइजचा नकाशा, खालचा देठ. शस्त्रक्रिया बेंदूर झाल्यावर, जुलैत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी त्या वॉर्डात भरती झाल्या. सकाळी सहाला आमच्या सिस्टर माझ्याकडे आल्या. त्यांचं माहेर त्याच भागातलं. "मॅडम, त्या न्हाणीत मिसरी लावत बसल्यात."

मी ओपीडीत विचारलं होतं. सिगारेट? बिडी? तंबाखू खाता? तिन्हीला "न्हाई" आलं होतं, आणि ते खरं होतं. मिसरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, बारीक करून बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळायची. आमच्या भागात ती दात घासायची गोष्ट. तंबाखू खाणं वेगळं. वयाच्या चौदाव्या वर्षी सासरी आल्यावर सासूने डबी दिली, तेव्हापासून रोज तीनदा.

"तंबाखू पुरुष खातात मॅडम. ही आमची मिसरी. लावल्याबिगर पोटच साफ हुत न्हाई."

मी चुकीचा प्रश्न विचारला होता. हे माझ्याकडून घडलं, आणि देठावर जगणाऱ्या स्तनाग्रासाठी ते महत्त्वाचं होतं. मिसरीत धूर नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड नाही. पण हिरड्यांमधून निकोटीन भरपूर शोषलं जातं आणि निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. अठरा सेंटिमीटर लांबीच्या देठाच्या टोकाला जी रक्तवाहिनी उरलेली असते ती तशीही केसासारखी बारीक असते. त्यात साखर ७.६. मी त्या दिवशीची शस्त्रक्रिया रद्द केली.

नवरा नाराज झाला. गिरणी दोन दिवस बंद ठेवून आला होता. त्यांच्याशी मी अर्धा तास बोलले आणि ताईंशी त्याहून जास्त. मिसरी किमान सहा आठवडे बंद, शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवडे बंद. निकोटीनचं च्युइंगम द्यायचं नाही, कारण तेही निकोटीनच. पोटासाठी इसबगोल. साखर सातच्या खाली. तारीख दसऱ्यानंतर.

त्या तीन महिन्यांत मी त्यांची मापं पुन्हा पुन्हा काढली. रद्द झालेली शस्त्रक्रिया मोकळा वेळ देते, आणि सवयीचा निर्णय मोकळ्या वेळात उघडा पडतो. मी स्वतःला विचारलं, या बाईला खालचा देठ का? उत्तर आलं: मला तो येतो म्हणून.

मग सगळे पर्याय नव्याने मांडले.

फक्त उभ्या व्रणाची पद्धत मी लवकर बाजूला ठेवली. मध्यम आकाराच्या स्तनात ती उत्तम. आडवा व्रण टळतो, आणि उलट्या टीशी तुलना करणाऱ्या अभ्यासातही स्त्रियांना तिचा व्रण जास्त आवडलेला दिसला आहे. आपल्याकडच्या कातडीला आडव्या व्रणाचं आतलं टोक, छातीच्या हाडाजवळचं, जाड होण्याची खोड आहे. ते टळलं तर कुणाला नको? पण घडीपर्यंतची १८ सेंटिमीटर कातडी एका उभ्या रेषेत गोळा करायला गेलं की खाली चुण्यांचा गठ्ठा होतो आणि वर्षभराने तो काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते. ताईंच्या कानाच्या पाळ्या आणि दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहिला होता. दोन्ही सपाट. म्हणजे केलॉइडचा, व्रण फुगून वाढत जाण्याचा, मोठा धोका नव्हता. आडवा व्रण परवडणार होता.

निव्वळ लायपोसक्शन ओघळलेल्या स्तनाला पुरत नाही. चरबी निघते, कातडीची पिशवी तशीच उरते.

सुटं काढून लावण्याचा थोरेक यांचा मार्ग मात्र मी गंभीरपणे तपासला. स्तनाग्र फार दूर न्यायचं असेल, स्तन अतिशय मोठा असेल, पेशंटला मधुमेह आणि तंबाखू दोन्ही असतील, तेव्हा तो सर्वांत सुरक्षित. देठ नाही, त्यामुळे देठ सुकण्याची भीती नाही. शस्त्रक्रियाही लवकर होते. किंमत अशी की स्तनाग्राची संवेदना जाते, दूध पाजणं कायमचं संपतं आणि कलमाचा रंग ठिकठिकाणी फिका पडू शकतो. पाजण्याचा प्रश्न ताईंसाठी नव्हता. संवेदनेबद्दल विचारलं तर त्या लाजल्या, नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ऱ्हायली तर बरंच की." मग मी रंगाचं सांगितलं: गोऱ्या कातडीत हे ठिपके फारसे दिसत नाहीत, सावळ्या कातडीत पांढरे दिसतात.

त्या बराच वेळ गप्प होत्या.

"पांढरं पडलं तर कोड म्हंतील मॅडम. नदीवर धुणं धुताना, न्हाताना बाया बगत्यात. लेकीचं लगीन हुयाचं हाय."

एरवी पाठ्यपुस्तकातल्या गुंतागुंतींच्या यादीत तळाशी, एका ओळीत संपणारा मुद्दा हा. या बाईच्या घरात तो सगळ्यात वरचा होता. कोडाचा डाग एका बाईच्या अंगावर दिसला की गावात तो तिच्या मुलीच्या स्थळापर्यंत पोचतो. हे चूक आहे, कोड संसर्गाने पसरत नाही, हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांना ते माहीतही होतं. पण त्यांना राहायचं होतं त्याच गावात. सुटं कलम हा शेवटचा उपाय ठरला: तेवढ्यासाठी संमती घेऊन ठेवायची, टाळता आलं तर टाळायचं.

उरले दोन देठ. खालचा आणि वरचा-आतला.

खालच्या देठाची लांबी म्हणजे स्तनाग्र ते घडी हे अंतर: १८. वरच्या-आतल्या देठाचं मूळ छातीच्या हाडाजवळ, त्यामुळे स्तनाग्रापर्यंतचं अंतर मोजल्यावर ते १३ भरलं. पाच सेंटिमीटरचा फरक. ज्या बाईच्या रक्तवाहिन्यांनी तीस वर्षं मिसरी सोसली आहे तिच्यासाठी हे पाच सेंटिमीटर मोठे. शिवाय रक्त येण्याची वाट वेगळी. स्तनाला मिळणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा छातीच्या हाडाच्या कडेने उतरणाऱ्या धमनीच्या शाखांतून येतो; दुसऱ्या आणि तिसऱ्या फटीतल्या शाखा ठळक असतात आणि कातडीखाली जेमतेम सेंटिमीटरभर खोलीवरून धावतात. हातात धरायच्या डॉपलरने, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, मी त्या ऐकल्या. दोन्ही बाजूंना दुसऱ्या फटीत स्पष्ट, जोरकस आवाज.

दुसरं कारण गिरणीशी जोडलेलं. खालच्या देठात जे मांस मागे उरतं ते स्तनाच्या तळाशी उरतं. वर्षा-दोन वर्षांत त्याचं वजन खालची कातडी ताणतं, तळ ओघळतो आणि स्तनाग्र वर बघायला लागतं. दिवसाला पन्नास डबे उचलणाऱ्या बाईत हे लवकर व्हावं असं मला वाटलं. हा माझा अंदाज, त्याला आकड्यांचा आधार मी देऊ शकत नाही. वरच्या-आतल्या देठात तळाचंच मांस काढलं जातं आणि उरलेलं वर, आतल्या बाजूला राहतं. जे खाली ओढत होतं तेच जातं.

खालच्या देठाच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यात स्तनाग्र खाली जोडलेलं असल्यामुळे ते वळवावं लागत नाही. आतल्या देठाला नव्या जागी न्यायला फिरवावं लागतं आणि फिरवताना त्याच्या मुळाशी दुमड पडू शकते. शिवाय मी खालच्या देठाच्या शस्त्रक्रिया आतल्याच्या तिप्पट केल्या आहेत. हा मुद्दा क्षुल्लक नाही. शल्यविशारदाचा हात हाही पेशंटच्या सुरक्षिततेचा भाग असतो. म्हणून आतल्या देठाचा जास्त सराव असलेल्या एका सहकाऱ्याला मी त्या दिवशी सोबत उभं राहायची विनंती केली आणि ते आले.

ठरलं ते असं: कातडी वाइजच्या नकाशाने, देठ वरचा-आतला, संमती सुट्या कलमाचीही.

दसऱ्यानंतर त्या आल्या तेव्हा एचबीएवनसी ६.८, वजन ७१. लघवीतलं कोटिनीन तपासलं, निकोटीनचा शरीरातला माग ते दाखवतं. नव्हतं. सासूबाईंनीही डबी माळ्यावर टाकली होती, सुनेच्या सोबतीने.

खुणा उभ्या स्थितीत, जागेपणी केल्या. भूल दिल्यावर आडव्या पेशंटवर केलेल्या खुणा फसवतात. नवं स्तनाग्र कुठे यायला हवं ते बघायला स्तनाखालच्या घडीत हात घालून बोटाचं टोक पुढे कातडीवर कुठे येतं ते पाहतात. ब्राझीलच्या पितांगी यांच्या नावाने तो बिंदू ओळखला जातो. तो २२ सेंटिमीटरवर आला. मी खूण २३ वर केली. इतका जड स्तन हलका झाला की वरची ताणलेली कातडी आखडते आणि स्तनाग्र आपोआप वर जातं. खाली राहिलेलं स्तनाग्र नंतर वर घेता येतं; वर गेलेलं खाली आणणं जवळजवळ अशक्य, ते ब्लाउजच्या गळ्यातून डोकावत राहतं.

डावी बाजू दीड तासात झाली, सुरळीत. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून अॅड्रेनलीन घातलेलं पाणी सगळीकडे टोचलं, देठ सोडून. देठावरची वरची कातडी सोलली, तिचा आतला थर शाबूत ठेवून, कारण अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा त्याच्या लगेच खाली असतात. खालचा आणि बाहेरच्या बाजूचा भाग काढला. देठ फिरवला, स्तनाग्र जागेवर बसलं. रंग गुलाबी.

उजव्या बाजूला देठ फिरवून कातडी तात्पुरती पिनांनी जोडली आणि पाच मिनिटांत स्तनाग्र निळसर झालं.

इथे घाई करून चालत नाही आणि वाट बघत बसूनही चालत नाही. पांढरं पडलं असतं, सुई टोचून रक्त आलं नसतं, तर धमनीचा प्रश्न. निळं पडलं, टोचल्यावर काळपट रक्त भराभर आलं, म्हणजे रक्त आत येतंय, बाहेर जात नाहीये. शीर दबली आहे. भूलतज्ज्ञांना रक्तदाब विचारला. वरचा ९० वर उतरला होता, तो त्यांनी सावरला. मी सगळ्या पिना काढल्या. उघडं ठेवल्यावर रंग सुधारला, पुन्हा जोडल्यावर पुन्हा निळा. मग सहकाऱ्यांनी बोट आत घालून दाखवलं: वळणाच्या आतल्या कोपऱ्यात देठाच्या खालच्या अंगाचा एक जाड गड्डा राहिला होता आणि दार मिटताना बोट चेमटावं तसा तो शिरा दाबत होता. मी सुरक्षिततेच्या नावाखाली देठ जरुरीपेक्षा जाड ठेवला होता. शिरा कातडीलगत होत्या, जाडी तळाशी. तळाकडून सुमारे ६० ग्रॅम काढले, बाहेरच्या बाजूचं मांसही थोडं पातळ केलं. पुन्हा जोडलं. दहा मिनिटं सगळे फक्त बघत उभे होतो. रंग परतला.

सुट्या कलमाची तयारी टेबलावर मांडलेली होती. ती लागली नाही.

उजवीकडून १०८० ग्रॅम निघाले, डावीकडून ९४०. सगळं मांस, बाजू लिहून, पॅथॉलॉजीकडे पाठवलं. मॅमोग्राफी स्वच्छ असली तरी हे करायचंच, कारण अशा काढलेल्या मांसात क्वचित लपलेला कर्करोग सापडतो आणि बाजू माहीत नसेल तर पुढे पंचाईत होते. अहवालात काही वावगं नव्हतं. जखमेत साचणारं पाणी बाहेर काढायच्या नळ्या मी ठेवत नाही. पहिल्या रात्री सिस्टरांनी दर दोन तासांनी बॅटरी लावून रंग पाहिला आणि कागदावर लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी विचारलं, "किती निगालं?"

"दोन किलो."

"दोन किलोचं दळाण गळ्यात बांदून फिरत हुते म्हणा की मी."

बाराव्या दिवशी उजवीकडे उभा आणि आडवा व्रण मिळतो तिथे, टीच्या सांध्यावर, दीड सेंटिमीटर जखम उघडली. वाइजच्या नकाशाची ही जुनी दुखरी जागा; तीन बाजूंचा ताण तिथे एकवटतो आणि कातडीच्या टोकांना रक्त सर्वांत कमी. ताण कमी व्हावा म्हणून मी तळाशी कातडीचा छोटा त्रिकोण राखला होता, तरी उघडली. साध्या ड्रेसिंगवर पाचव्या आठवड्यात भरली. त्या काळात त्या फार घाबरल्या. सासूने "मिसरी सोडली म्हणून झालं" असं सांगितलं होतं. मी सासूबाईंनाच पुढच्या ड्रेसिंगला बोलावलं आणि जखम दाखवत समजावलं.

खर्चाबद्दल थोडं. विमा कंपनीने दावा आधी नाकारला, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून. आपल्या विमा नियामकाच्या ठरलेल्या शब्दांत सौंदर्य किंवा प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळलेली आहे, मात्र आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेच्या उपचाराचा अपवाद त्यात आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या तीन पावसाळ्यांच्या नोंदी, मानेचे एक्स-रे, छातीखालच्या कातडीचे फोटो आणि काढलेल्या मांसाचं वजन जोडून मी पत्र लिहिलं. काही रक्कम मिळाली. ज्या डॉक्टरांकडे अशा बायका वर्षानुवर्षं मलमासाठी येतात त्यांनी प्रत्येक वेळी एक ओळ लिहून ठेवली तर पुढे फार उपयोग होतो.

सहा महिन्यांनी मापं: खोबणी ते स्तनाग्र उजवीकडे २३.५, डावीकडे २३. घडीपर्यंत ९. मानेच्या गोळ्या बंद. पावसाळा अजून यायचा होता, पण छातीखालचं कातडं कोरडं होतं. करंगळीच्या मुंग्या कमी झाल्या, गेल्या नाहीत; त्याचं मूळ बहुधा कोपरात आहे आणि ते वेगळं दाखवायला सांगितलं आहे. खांद्यांच्या खाचा तशाच, त्या बऱ्याचदा राहतात. डाव्या आडव्या व्रणाचं आतलं टोक जाड झालं आहे, तिथे सिलिकॉनची पट्टी चालू आहे. संवेदना डावीकडे चांगली, उजवीकडे बाहेरच्या अर्ध्या भागात कमी. रंग दोन्हीकडे पहिल्यासारखा.

मिसरी त्यांनी पुन्हा धरली आहे, दिवसातून एकदा. "लपवत न्हाई तुमास्नी," म्हणाल्या. मी ती कागदावर लिहिली आणि तोंडाच्या तपासणीसाठी दंतवैद्याकडे पाठवलं.

त्या दिवशी त्यांच्याबरोबर धाकटी नणंद आली होती. वय २९, एक मूल, दुसरं हवं आहे. तिची मापं घेतली: २७ आणि २६.५, घडीपर्यंत १२. वहिनीसारखंच माझंही करा, असं तिचं म्हणणं. इथे उभा व्रण पुरेल. दूध पाजायचं आहे म्हणून स्तनाग्राखालचा ग्रंथींचा स्तंभ छातीच्या भिंतीपर्यंत सलग ठेवावा लागेल, आणि जास्त बरं म्हणजे हे सगळं दुसऱ्या बाळंतपणानंतर करावं, कारण गरोदरपणात आकार पुन्हा बदलेल. पण पाठदुखीमुळे तिला तेवढं थांबवत नाही. नवऱ्याशी बोलून येते म्हणाली.

जाताना मी विचारलं, मिसरी लावता का? तिने वहिनीकडे बघितलं, आणि पदराच्या गाठीतून डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली.